गांजासेवनजन्य छर्दी : किशोरवयीन रुग्ण, वैद्याचा दवाखाना आणि रुग्णालय

छर्दीचा रुग्ण प्रत्येक वैद्याच्या नित्य परिचयाचा असतो. अजीर्ण, अम्लपित्त, कामला, कृमी, गर्भिणी अवस्था, अर्धावभेदक अशी कारणे मनात ठेवूनच आपण त्याची नाडी पाहतो. गेल्या वीस वर्षांत या यादीत आणखी एका कारणाची भर पडली आहे. दीर्घकाळ व वारंवार गांजा सेवन करणाऱ्या व्यक्तीला ठरावीक अंतराने होणारी तीव्र, कशालाही न जुमानणारी छर्दी, हे ते कारण होय. पंधरा ते एकोणीस या वयोगटातही ही व्याधी दिसते आणि नेमक्या याच वयात ती निदानावाचून राहते. कारण मुलगा वा मुलगी व्यसनाविषयी बोलत नाही, पालकांना कल्पना नसते आणि वैद्य विचारत नाही.

प्रस्तुत लेखात या व्याधीचा निदानपंचकाच्या क्रमाने परिचय करून देऊन रुग्णालयात कोणते उपचार होतात, आपल्या दवाखान्यात काय करावे व काय टाळावे आणि औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारी कोणती, याचा विचार आम्ही करणार आहोत.

व्याधीचा पूर्वेतिहास

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अॅडलेड परिसरातील चिकित्सक अॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या व्याधीचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अनेक वर्षे गांजा ओढणारे रुग्ण वारंवार छर्दीसाठी रुग्णालयात येत होते. त्यांपैकी अनेकांना केवळ गरम पाण्याने स्नान केल्यावरच आराम पडत असे. गांजा सोडल्यावर व्याधी थांबली आणि पुन्हा सुरू केल्यावर उलटली. पुढे २०१६ मध्ये पचनसंस्थेच्या विकारांच्या 'रोम ४' या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले.

अमेरिकेतील तातडीच्या विभागांच्या नोंदींनुसार १३ ते २१ वर्षे वयोगटातील या व्याधीच्या भेटींचे प्रमाण २०१६ ते २०२३ या काळात दहापटींहून अधिक वाढले. तेथील जप्त गांजातील टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ च्या सुमारास सुमारे ४ टक्के होते, ते अलीकडच्या वर्षांत १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे. आपल्याकडेही थायलंडहून आणलेला 'हायड्रोपोनिक' गांजा विमानतळांवर पकडल्याची वृत्ते वारंवार येतात. म्हणजे आजच्या तरुणाच्या हाती पडणारे द्रव्य पूर्वीच्या चिलमीतलेच असेल असे समजून चालणार नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातील सुमारे २० लाख मुले भांग, गांजा वा चरस यांपैकी काहीतरी सेवन करतात, असा अंदाज मांडला आहे. या सर्वांना छर्दी होते असे नाही. बहुतेकांना होत नाही. तथापि पुण्यासारख्या शिक्षणाच्या शहरात, जेथे वसतिगृहे व भाड्याच्या खोल्यांतून हजारो मुले घरापासून दूर राहतात, तेथे असा रुग्ण आपल्यासमोर कधीही बसू शकतो.

निदान अर्थात हेतू

भांग, गांजा व चरस ही एकाच वनस्पतीची रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा व राळ म्हणजे चरस. शार्ङ्गधरसंहितेत व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भंगा व अहिफेन यांचा निर्देश आहे. जे आधी सर्व शरीरात पसरते व नंतर पचते, ते व्यवायी. भावप्रकाशात विजया ही तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, ग्राही, पाचन, पित्तल आणि मोह व मद वाढविणारी सांगितली आहे. अतिसार व ग्रहणीत तिचा उपयोग याच गुणांवर आधारलेला आहे.

येथे एक विरोधाभास नीट समजून घेतला पाहिजे. याच वनस्पतीतील द्रव्याचे कृत्रिम रूप, ड्रोनॅबिनॉल, अमेरिकेत १९८५ पासून कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या छर्दीवर वापरले जाते. अल्पमात्रेत छर्दी थांबविणारे द्रव्य दीर्घकाळच्या अतिसेवनाने छर्दी उत्पन्न करते. म्हणूनच रुग्ण मनापासून सांगतो की, "ओढले की मळमळ कमी होते." तो आणखी ओढतो आणि व्याधी आणखी बळावते.

सामान्यतः एक वर्षाहून अधिक काळ, आठवड्यातून चारांहून अधिक वेळा सेवन हा हेतू मानला जातो. महाशिवरात्रीस वा रंगपंचमीस एकदा भांग घेऊन झालेली छर्दी हा मद होय. प्रस्तुत व्याधी नव्हे.

पूर्वरूप, रूप व उपशय

पूर्वरूपात सकाळची मळमळ, अन्नाचा तिटकारा, उलटी होईल ही भीती व पोटात अस्वस्थता ही लक्षणे आठवडे वा महिने राहतात. चरकोक्त छर्दीच्या पूर्वरूपातील हृल्लास, प्रसेक व अन्नद्वेष यांच्याशी ती जुळतात.

रूपावस्थेत एक-दोन दिवसांपासून आठवडाभर दिवसातून अनेकदा, कधी तासाला अनेकदा, उलट्या होतात. नाभीच्या वर वा सर्व पोटात शूल असतो. पाणीही टिकत नाही. वेग ओसरल्यावर रुग्ण आठवडे वा महिने पूर्ण बरा वाटतो आणि पुन्हा तसाच वेग येतो. वर्षात तीन वा अधिक वेग हे निदानाच्या बाजूचे चिन्ह आहे.

उपशय हा या व्याधीत विशेष मार्गदर्शक ठरतो. गरम पाण्याच्या स्नानाने आराम पडतो, म्हणून रुग्ण दिवसातून अनेक वेळा, तासन्‌तास न्हाणीघरात राहतो. पालक हे सांगत नाहीत, कारण त्यांना ते लक्षण वाटत नाही. "हल्ली फार वेळ आंघोळ करतो" अशी तक्रार मात्र ते करतात. गांजाशी संबंध नसलेल्या चक्रीय छर्दीतही अनेक रुग्णांना गरम स्नानाने बरे वाटते. म्हणून हे चिन्ह संशय उत्पन्न करते, निदान पक्के करीत नाही. पक्के निदान अनुपशयाच्या उलट बाजूने होते, म्हणजे सेवन पूर्ण थांबविल्यावर किमान सहा महिने, अथवा एरवी तीन वेग येऊन गेले असते एवढ्या काळात, वेग आला नाही तर.

अध्ययनासाठी एक कल्पित रुग्ण घेऊ. बारावीत शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा चार दिवस उलट्या. दोन ठिकाणी अम्लपित्त म्हणून उपचार झाले, दुर्बिणीची तपासणी झाली, त्यात विशेष आढळले नाही. वजन सहा किलो घटले. आई सांगते, "परीक्षेचे टेन्शन आहे." मुलगा सोबत नसताना ती म्हणते, "गॅस सिलिंडर पंधरा दिवसांत संपतो, इतके पाणी तापवतो." या एका वाक्यातच वैद्याला पुढचा प्रश्न सापडला पाहिजे.

संप्राप्ती

मेंदू व आतडी या दोन्ही ठिकाणी टीएचसीला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात. दीर्घकाळच्या उत्तेजनाने त्यांचे नियमन बिघडते व आमाशयाची गती मंदावते, अशी एक उपपत्ती आहे. त्वचा व आतडी यांतील उष्णतेस व मिरचीतील कॅप्सेसिनला प्रतिसाद देणाऱ्या दुसऱ्या ग्राहकांमुळे गरम पाण्याचा उपशय मिळतो, असे मानतात. टीएचसी मेदात साठते. त्यामुळे रोज सेवन करणाऱ्याच्या लघवीत ते सोडल्यानंतरही काही आठवडे आढळू शकते.

आमच्या मते आयुर्वेदीय दृष्टीने येथे तीक्ष्ण, उष्ण व व्यवायी द्रव्याच्या अतियोगाने अग्नी व आमाशय दूषित होऊन शेवटी वायूच प्रधान होतो. वमन केलेले द्रव्य पिवळे व आंबट असले तरी उष्ण उपचाराने आराम पडणे हे वातप्राधान्याकडे बोट दाखविते. केवळ वमनाचा रंग पाहून पित्तज छर्दी ठरवू नये, हा याचा अर्थ.

सापेक्ष निदान

गांजाचा इतिहास मिळाला म्हणून इतर विचार थांबवू नये. मधुमेहातील किटोॲसिडोसिस, आंत्रावरोध, आंत्रपुच्छशोथ, स्वादुपिंडशोथ, कावीळ, मेंदूतील दाबवाढ, अर्धावभेदक व गांजाविरहित चक्रीय छर्दी यांचा विचार प्रत्येक वेळी करावा. मुलींमध्ये गर्भधारणा तपासावी. मुलांमध्ये वृषणास पीळ पडल्यासही पोटदुखी व उलट्या होतात. लाजेमुळे तो भाग मुलगा दाखवीत नाही, म्हणून विचारून तपासावा.

पुण्यातील घरांच्या दृष्टीने आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. लहान, बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असता कार्बन मोनॉक्साईड साचून डोकेदुखी, मळमळ, उलटी, मूर्च्छा व मृत्यूही संभवतो. आपला रुग्ण तर तेथेच तासन्‌तास बसतो. म्हणजे एका व्याधीचा उपशय दुसऱ्या आपत्तीचा हेतू होऊ शकतो. असा रुग्ण दिसताच गिझर न्हाणीघराबाहेर बसविणे, हवा खेळती ठेवणे व आतून कडी न लावणे हे पालकांना त्याच दिवशी सांगावे. फार गरम पाण्याने त्वचा भाजण्याची व घामावाटे जलक्षय वाढण्याची भीती वेगळीच.

इतिहास कसा घ्यावा

पालकांना काही मिनिटे बाहेर बसवून रुग्णाशी एकट्याने बोलावे. "तू गांजा ओढतोस का?" असा पोलिसी प्रश्न करू नये. "तुझ्या वयाची काही मुले सिगारेट, दारू, गांजा, व्हेप घेतात. तुझ्या मित्रांत आहे का? तू कधी घेतलेस? आठवड्यात किती दिवस?" या क्रमाने जावे. उत्तर कोणाला सांगणार व कोणाला नाही, हे आधी स्पष्ट करावे. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावेच लागेल, हेही प्रामाणिकपणे सांगावे. बहुतेक वेळा रुग्ण स्वतःच आईवडिलांना सांगण्यास तयार होतो. फक्त त्या वेळी वैद्य शेजारी असावा अशी त्याची अपेक्षा असते.

कायद्याची भीती हा मौनाचा एक मोठा भाग आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चे कलम ६४-अ स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते. मुलांना अमली पदार्थ पुरविणाऱ्यास मात्र बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. वैद्याच्या दृष्टीने मूल हा रुग्ण आहे.

रुग्णालयात केव्हा पाठवावे

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास दवाखान्यात प्रयोग न करता रुग्णालयात पाठवावे :

१. आठ तास वा अधिक काळ लघवी न होणे, अथवा ती अगदी अल्प व गडद होणे.
२. पाणी वा जलसंजीवनी अजिबात न टिकणे.
३. उभे राहताच घेरी, शीघ्र व क्षीण नाडी, थंड हातपाय.
४. उलटीत रक्त, वा हिरवे पित्त.
५. छातीत वा मानेत तीव्र वेदना. जोराच्या वमनाने अन्ननलिका फाटण्याची शक्यता असते.
६. पोट कडक होणे, ताप, तीव्र डोकेदुखी, ग्लानी, असंबद्ध बोलणे, आकडी.
७. हातपायांत पेटके, छातीत धडधड.

पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय व इतर मोठी धर्मादाय व खासगी रुग्णालये बालरोग व तातडीच्या विभागांसह उपलब्ध आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. सोबतच्या पत्रात उलट्यांचा काळ, शेवटची लघवी, आधीच्या वेगांची संख्या, गांजासेवनाचा काळ व वारंवारता, गरम स्नानाचा उपशय, दिलेली सर्व औषधे (भस्मे व रसकल्पांसह) आणि केलेल्या तपासण्या लिहाव्यात. हे पत्र बंद पाकिटात द्यावे. या पाच ओळींमुळे रुग्णाची पुन्हा होऊ घातलेली दुर्बिणीची तपासणी वा सी. टी. स्कॅन वाचू शकते.

रुग्णालयातील उपचार

आपण पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हे आपल्याला माहीत असल्यास पालकांना धीर देता येतो.

प्रथम जलक्षयाची प्रत तपासून शिरेतून सलाईन दिले जाते. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, साखर, क्रिएटिनिन, यकृत व स्वादुपिंडाच्या तपासण्या, मुलींची गर्भचाचणी व हृदयालेख होतो. वमन व गरम स्नान या दोन्हींमुळे होणारा जलक्षय एवढा असू शकतो की मूत्रपिंडे तात्पुरती निकामी होतात; पोटॅशियम घटल्याने हृदयाचे स्पंदन बिघडते. या व्याधीत क्वचित मृत्यूही नोंदले गेले आहेत, ते मुख्यतः अशा उपद्रवांनी. म्हणून "उलट्याच तर आहेत" असे म्हणून रात्र काढू नये.

ऑन्डॅनसेट्रॉन हे नेहमीचे छर्दीघ्न येथे पुष्कळदा अपुरे पडते. कॅनडातील प्रौढ रुग्णांवरील २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत हॅलोपेरिडॉल त्यापेक्षा सरस ठरले. किशोरवयात त्याने मान व जबड्याचे स्नायू आखडण्याचा संभव असतो आणि हृदयालेख पाहूनच ते द्यावे लागते. तो निर्णय रुग्णालयातील तज्ज्ञांचा. पोटावर कॅप्सेसिनचे मलम लावण्याचाही उपयोग होतो. हे वाचून घरी मिरचीचा लेप करण्याचा मोह कोणी धरू नये. त्याने त्वचा पोळते.

पोटशूलासाठी ट्रॅमॅडॉल वा तत्सम अफूवर्गीय वेदनाशामके देणे या व्याधीत टाळतात, कारण त्यांनी आमाशयाची गती आणखी मंदावते, छर्दी वाढते व नव्या व्यसनाची वाट मोकळी होते. आपल्यापैकी जे मिश्र चिकित्सा करतात त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वेग थांबल्यावर घरी पाठविण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञ वा समुपदेशकाची भेट व्हावी, असा आग्रह आपणही धरावा. सलाईन लावून वेग थांबला, पण व्यसनाविषयी कोणी बोललेच नाही, तर तो रुग्ण पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच खाटेवर येतो.

आयुर्वेदीय चिकित्सेचे स्थान

निदानपरिवर्जन हीच येथे चिकित्सा आहे. इतर सर्व उपचार तिचे साहाय्यक होत.

सात्म्य झालेले अहितकर द्रव्य पादांशक्रमाने सोडावे, हे चरकाचे सूत्र आपल्याला प्रिय आहे. ते अचानक सोडण्याने होणाऱ्या हानीच्या भीतीतून आलेले आहे. गांजा एकदम सोडल्याने चिडचिड, निद्रानाश, अरुची व अस्वस्थता पहिल्या आठवड्यात वाढते व सामान्यतः दोन-तीन आठवड्यांत ओसरते; त्यात सहसा प्राणभय नसते. उलट अल्प सेवनही या छर्दीला पुन्हा जागे करू शकते. म्हणून या व्याधीत पूर्ण त्यागच सांगावा. सोबत दारू वा झोपेच्या गोळ्यांचे व्यसन असल्यास मात्र ती एकदम थांबविणे धोक्याचे असते. तेथे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सोडवावे.

दुसरा मुद्दा लंघन व शोधनाचा. सर्व छर्दी आमाशयोत्क्लेशातून होतात म्हणून आधी लंघन वा कफपित्तहर संशोधन करावे, असे सांगताना चरकाने वातज छर्दीचा स्पष्ट अपवाद केला आहे. पुढे दीर्घकाळ चाललेल्या छर्दीत धातुक्षयामुळे वायू वाढतो, तेथे वातघ्न, स्तंभन व बृंहण उपचार करावेत असेही सांगितले आहे. चार दिवस उपाशी, क्षीण मुलाला वमन वा विरेचन देणे हे शास्त्राच्याही विरुद्ध आहे आणि पोटॅशियम आणखी घटवून प्राणघातकही ठरू शकते.

तिसरा मुद्दा, क्रिएटिनिन पूर्ववत झाल्याची खात्री होईपर्यंत भस्मे व रसकल्प देऊ नयेत. वेग थांबल्यावर लाजमंड, लाजापेया, मुगाचे कढण, डाळिंबाचा रस, वेलची या क्रमाने संसर्जन करावे. अनेक दिवस न खाल्लेल्या रुग्णाला एकदम भरपेट जेवण देऊ नये. निद्रेसाठी पादाभ्यंग, रात्री दूध, ठरावीक वेळी झोप यांवर भर द्यावा.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अग्निमांद्य, ग्रहणी वा अरुची समजून या रुग्णाला विजयायुक्त कल्प दिला, तर आपण हेतूच औषध म्हणून देत असतो. जातीफलादि चूर्ण, कामेश्वर मोदक, मदनानंद मोदक यांच्या शास्त्रोक्त पाठांत भांग आहे. काही कल्प भांगविरहितही बनविले जातात. म्हणून नावावर न जाता वेष्टनावरील घटक वाचावेत.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ च्या परिशिष्ट 'ई (१)' मध्ये भंगेचा समावेश विषद्रव्यांत आहे. अशा द्रव्याने युक्त पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असणे बंधनकारक आहे. पानपट्टीवर 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या भांगेच्या गोळ्या व मुनक्का यांनी आपल्या शास्त्राची बदनामी होते, ती वेगळीच. आमची विनंती एवढीच की, अठरा वर्षांखालील व्यक्तीस कोणताही विजयायुक्त कल्प हातविक्रीने देऊ नये, आणि उलटीसाठी तेच औषध वारंवार नेणाऱ्या तरुणाला वैद्याकडे पाठवावे. ओ. आर. एस. ची पुडी विकताना "लघवी होते आहे ना?" हा एक प्रश्न विचारण्याची सवय सर्वांनी लावावी.

घरी परतल्यावर

व्याधी बरी झाली की रुग्णाला ती गांजाने झाली यावर विश्वास बसेनासा होतो. "मित्र इतकी वर्षे ओढतो, त्याला काही होत नाही," हा त्याचा युक्तिवाद असतो. त्याला सांगावे की प्रत्येकाची प्रकृती भिन्न आहे. तुझ्या शरीराने आपले उत्तर दिले आहे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, पुढे सहा महिने दरमहा भेट ठेवावी व वजनाची नोंद करावी.

व्यसनमुक्तीच्या कार्यात पुणे शहराची परंपरा मोठी आहे. गर्दच्या लाटेच्या काळात डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवडा येथे मुक्तांगण सुरू केले. व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी त्या कार्याने महाराष्ट्राला दिली. मोफत सल्ल्यासाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ व संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते दवाखान्याच्या व दुकानाच्या दर्शनी भागात लावावेत. अल्पवयीनाला मानसिक आरोग्य आस्थापनेत दाखल करण्याची वेळ आल्यास मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम ८७ लागू होते. त्यानुसार प्रौढांपासून स्वतंत्र व्यवस्था व सोबत पालक वा परिचारक असणे आवश्यक आहे. उलट्यांसाठी सामान्य रुग्णालयात दाखल होण्याशी या तरतुदीचा संबंध नाही, हे घाबरलेल्या पालकांना समजावून सांगावे.

सारांश

पुन्हा पुन्हा होणारी छर्दी, मधल्या काळात स्वास्थ्य, गरम स्नानाने उपशय व किशोरवय ही चौकट दिसताच रुग्णाला एकट्याने गांजाविषयी विचारावे. लघवी, नाडी व शुद्धी पाहून त्याच दिवशी रुग्णालयाचा निर्णय घ्यावा. लंघन, शोधन, अफूवर्गीय वेदनाशामके व विजयायुक्त कल्प टाळावेत. वेग थांबल्यावर व्यसनमुक्तीचा दुवा जोडून द्यावा आणि सहा महिने त्याचा हात सोडू नये. निदान योग्य वेळी झाले, तर या व्याधीत पूर्ण बरे होणे रुग्णाच्या हाती असते. त्या वयाच्या मुलाला तसे सांगणारा पहिला माणूस बहुधा त्याच्या गल्लीतला वैद्यच असतो.